खडूची खूण

टेपच्या शेवटच्या मीटरभर मी खडू फासते
आणि ती विहिरीत सोडते.
वर ओढल्यावर जिथवर खडू काळवंडलेला
तिथवर पाणी.
बाकी सगळी वजाबाकी.

वाघोलीची ही विहीर, नोंदवहीत क्रमांक सतरा.
यमाजी धोत्र्याच्या आज्याने खणलेली,
पहार आणि सुतकी, सुरुंग नाही.
पायऱ्या एकोणतीस.
तिसावी फोडताना घोट्याला पाणी लागलं
म्हणून ती अर्धीच राहिली, असं सांगतात.
पाहिलेली कुणीच नाही.

वर हातभर मुरूम, खाली मांजऱ्या,
मग वीतभर तांबडा पट्टा :
दोन लाव्हांच्या मधली उसंत.
एक रांधून झालं, दुसरं चढवायचंय,
मधे कुणी चूल सारवून घ्यावी, तेवढी.
अहवालात असं लिहीत नाही.
अहवालात : रेड बोल, जाडी वीस सेंटिमीटर, अपार्य.

समोरच्या सोसायटीने विचारलं, बोअर कुठे घ्यायचा.
मी चार सळया रोवल्या, जमिनीत वीज सोडली,
आकडे मांडले, म्हटलं, घेऊ नका.
खाली सलग काळा कातळ. सांधा नाही, भेग नाही.
निसळसाहेब म्हणाले,
"मॅडम, आम्ही कुठे ते विचारलं होतं.
घ्यायचा का, ते नाही."

सेल्वमची गाडी रात्री आली. त्या रात्रीच येतात.
शंभर फुटांवर राखाडी पीठ.
दोनशेवर राखाडी पीठ.
मोटारींवर, कुंड्यांवर, वाळत घातलेल्या शाळेच्या गणवेशांवर
साडेसहा कोटी वर्षांचं पीठ.
तीनशे दहाला चाळणीत काही निळं चमकलं.
तिळाएवढे चार कण,
रिकाम्या दौतीच्या तळाशी उरतो तसा निळा.

"कॅव्हनसाइट," मी म्हटलं.
"नीळ," यमाजी म्हणाला. "खाणीवर आम्ही नीळच म्हणायचो.
एकदा मूठभर गड्डा निघाला, ठेकेदाराने रुमालात बांधून नेला.
मला त्या दिवशी दीड हजेरी.
तो आता काचेच्या कपाटात बसलाय म्हणे, सातासमुद्रापार."
मी सांगितलं : लाव्हा थंडावताना बुडबुडे राहतात,
त्यांत पाणी शिरतं, मुक्काम करतं,
जाताना हे ठेवून जातं.
"म्हणजे पाणी होतं तिथं."
होतं.
"कधी?"
मी चाळणी झटकली.

सहाशे वीसला सेल्वमने दांड्या उपसायला घेतल्या.
फुटाचे पैसे फुटाला, पाणी लागो न लागो.
चार कण त्याने विडीच्या कागदात गुंडाळले,
धाकटीला दाखवायला.

आणि सोसायटीच्या भिंतीपलीकडे
नव्या इमारतीचं तळघर, बावीस फूट खोल.
दोन पंप, दिवसरात्र.
निवळशंख पाणी गटाराला.
निसळसाहेब सकाळी तिथूनच फिरायला जातात,
बूट भिजू नयेत म्हणून कुणीतरी मांडलेल्या विटांवरून,
टँकरवाल्याशी फोनवर बोलत.

ऑक्टोबर : दोन मीटर दहा.
डिसेंबर : तीन पासष्ट.
आज फेब्रुवारीची नऊ तारीख,
टेप तळाला टेकून सैल पडली
आणि खडू जसा गेला तसा पांढरा वर आला.

यमाजी वाकला.
खाली तिसावी पायरी, अर्धीच,
सुतकीचे घाव कालचे असावेत तसे.
बराच वेळ तो बोलला नाही.
मग म्हणाला, "डावखुरा होता आजा. बघा घाव."

नोंदवहीत अशा वेळी 'कोरडी' लिहायचं.
मी पेनाचं टोपण काढेपर्यंत
त्याने टेप हातात घेतली,
अंगठा जिभेला लावला
आणि खडूवर टेकवला.
"घ्या. आमचा अंगठा."

भिंतीपलीकडे पंपाने मधेच हवा ओढली,
खोकला,
आणि पुन्हा पाणी टाकायला लागला.